अक्काच्या तट्टाचं खोगीर

धुळ्याहून भाऊचा फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. "अक्का गेली गं," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले… या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण "बिचारी, पायानं अधू, जन्मभर एकटी" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. माझी मोठी बहीण बिचारी कधीच नव्हती. महाहट्टी होती. त्या हट्टाबद्दल लिहायचं तर मला तिच्या खोगिराबद्दलच लिहावं लागेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेवर अक्काची नेमणूक झाली. एस.टी.च्या फाट्यावर तिनं खोली घेतली, शाळा तिथून दोन मैल आत. सगळी वाट धोंड्यांची, आणि अक्काचा डावा पाय पोलिओनं वाळलेला. मी नुकतीच बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणून नानांनी मला तिच्या सोबतीला पाठवलं. वडील म्हणून त्यांची अट मात्र सरळ होती, मुदत दिवाळीपर्यंतची, "दिवाईलगून जमनं नही ते नोकरी सोडी दे. तठे तुनं कोन शे?" अक्कानं पुढच्या आठवड्यात एक तट्टू आणून दारात बांधलं. इतकं बुटकं, की पोरं त्याला शेळी म्हणायची. मोठा घोडा का नाही घेतलास, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्याच्यावर मला दुसऱ्यानं उचलून बसवावं लागेल, ते जनावर मला काय कामाचं?" दाराच्या ओट्यावरून ती त्या तट्टावर आपली आपण बसू शकत होती.

प्रश्न खोगिराचा होता. नाना हौसेनं धुळ्याहून एक घेऊन आले, नवरदेवाच्या घोड्याचं, आरसे आणि लाल गोंडे लावलेलं, गादी अशी मऊ की माणसाला झोप यावी. लेकीच्या अंगाचा सगळा विचार त्यांनी केला होता. तट्टाच्या पाठीवर मात्र ते खाटेसारखं पसरलं. नानांनी ते पुढे, पार मानेजवळ ओढून आवळलं. आमचं सात पिढ्यांचं कापसाचं घर, आयुष्य बैलांत गेलेलं! "जू बी आठेच बसस ना," ते ठासून म्हणाले. चार दिवसांत तट्टाची पाठ सोलून निघाली.

नाना म्हणाले, झालं, आता गाशा गुंडाळा. अक्का काठी घेऊन पायी शाळेत जायला लागली. तट्टू मागून मोकळं चालायचं. रोज उशीर व्हायचा, रोज हेडमास्तरांचं ऐकून घ्यावं लागायचं आणि संध्याकाळी तिचा पाय सुजून टम्म व्हायचा. मी रडले की मलाच ओरडायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात. गावात सगळीकडे ती खांदेमळणी चालली होती आणि अक्का वाटी घेऊन तट्टाची पाठ चोळत बसली होती. लोकांना हसायला निमित्तच मिळालं. ती बोटांनी एकेक हाड चाचपत होती. मानेच्या बुडाशी उंचवटा होता, तिथे हात लागला की तट्टू थरथरायचं. "हाऊ बैल नही, नाना," लेकीची खबर घ्यायला पुन्हा आलेल्या वडलांना ती वर न बघता म्हणाली. "ह्याले पुढे वढानं नही, मांगे पाठवर वझं लेवानं शे. मन्हं नही, त्यानं माप ल्या."

आणि तिनं खरंच तट्टाचं माप घेतलं. पाठ बरी झाल्यावर जाड तार तिच्यावर दाबून वाकवली, आणि ती कमान मांडीवर धरून आम्ही दोघी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. अक्का तिला कुणाचा धक्का लागू देईना. कंडक्टरनं विचारलं, "बाई, हे काय?" "घोडा," अक्का म्हणाली. "ह्याला अर्धं तिकीट पडेल का?"

दुकानदार एकाहून एक झगमगीत खोगिरं काढत होता आणि ही प्रत्येकाखाली तार धरून मान हलवत होती. शेवटी कोपऱ्यातल्या ढिगातून तिनं एक जुनं, ठिगळाचं, हलकं खोगीर ओढलं. दोन बाजूंना दोन अरुंद गाद्या, मध्ये कण्यासाठी मोकळी फट. तार चपखल बसली. मला तर ते बघवेना, इतकं कळकट होतं. अक्काचा चेहरा मात्र असा फुलला होता, की शालूच घेतला असावा.

दिवाळीच्या सुट्टीआधी नाना तिला न्यायला आले. सकाळी ती तट्टावर बसली, खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, स्वतः तपासला आणि निघाली. नाना मागून चालत गेले, पूर्ण दोन मैल. मीही होते. वाटेतल्या ओढ्यात ते दोनदा हात द्यायला धावले, दोन्ही वेळा तट्टू पुढे निघून गेलं होतं. शाळेच्या ओट्याशी ती आपली आपण उतरली. लगाम खांबाला बांधून वळली. "आते घर जा, नाना. घंटा वाजनी." नाना तसेच परत फिरले. वाटेत धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, आणि मला म्हणत होते की धूळ फार आहे.

त्या शाळेत ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. तट्टू म्हातारं होऊन मेलं, मग रस्ता झाला, जीप आली. खोगीर तिनं टाकलं नाही. भाऊनं ते परवा माझ्याकडे जळगावला पोचवलं. आमच्या ह्यांनी ते बैठकीतल्या पेटीवर ठेवलं, लांबून न्याहाळलं आणि म्हणाले, "डावी रिकीब आखूड राहिली आहे गं. चांभाराकडून दोन्ही सारख्या करून आणू का?"

मी म्हटलं, हात लावायचा नाही. अक्काचा पाय तेवढाच होता.