जळगाव ते साक्री: एका फायनलचं दोनदा प्रक्षेपण

खरं सांगायचं तर या प्रवासाला निघायची मला मुळीच हौस नव्हती. डिसेंबरात पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसावं, शेजारून भरिताचा वास यावा आणि आपल्याला कुठंही जायचं नसावं, असं वाटायचं वय आलंय. पण फोन आला. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची मुलींची फायनल साक्रीला होती, आणि क्रीडा समितीचे सर म्हणाले, "या वेळी दोघांनाही आपापल्या चॅनलवर ऑनलाइन प्रक्षेपण करू देतोय. तुम्हाला आणि धुळ्याच्या कॉलेजातल्या मीडियाच्या पोरांना. ज्यांचं चांगलं होईल त्यांना पुढच्या वर्षीच्या सगळ्या स्पर्धा."

वीस वर्षं कॅमेऱ्यावर काढलेल्या माणसानं पोरांशी परीक्षा द्यायची! चिडलो, पण हो म्हटलं. लग्नांची कामं आता ड्रोनवाल्या नव्या मुलांनी नेली आहेत. खेळांचं हे एक काम राहिलंय, आणि ते गेलं तर पुढं काय, हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला ते माहीत आहेच म्हणा.

दुपारी जेवून निघालो. गाडी रफिकची, कॅमेरे माझे. रफिक म्हणजे माझा जुना जोडीदार, क्लोजअपचा बादशहा, आणि गाडी चालवताना सतत बोलणारा. पाळधी, एरंडोल, पारोळा हा रस्ता आता चांगला झालाय. एकेकाळी या रस्त्यानं धुळ्याला पोहोचलं की माणसाची हाडं मोजून घ्यावी लागायची. आता दोन तासांत पोहोचता. फक्त चारचाकीवाल्यांनी उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्यांपासून सांभाळून राहावं, त्यांना मागचे दिवे लावायची सवय नाही. पारोळ्याच्या पुढं चहाला थांबलो. चहा गोड, फार गोड. रफिकनं दोन घेतले.

धुळ्यात मुक्काम. बस स्टँडच्या आसपास लॉज भरपूर आहेत, साधे आहेत, गरम पाणी सकाळीच मिळतं आणि तेही आधी सांगून ठेवलं तर. संध्याकाळी शेवभाजी खाल्ली. बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो: वाढणारा "तिखट कमी करू का?" असं विचारतो तेव्हा तो तुमची थट्टा करत नसतो, तुमची काळजी करत असतो. हो म्हणा. मी नाही म्हटलं आणि सकाळपर्यंत पस्तावलो. दोघांचं पोटभर जेवण तीनशेच्या आत झालं.

सकाळी साक्रीचा रस्ता धरला. कुसुंबा आणि नेर मागं पडलं की पश्चिमेला डोंगर दिसायला लागतात आणि शेतं हळूहळू कोरडी होत जातात. आमच्या जळगावकडं केळीच्या बागांची सवय झालेल्या डोळ्यांना हे सगळं उघडं उघडं वाटतं. हवा मात्र सुरेख होती. मी काच खाली केली आणि रफिकला पहिल्यांदा गप्प बसायला सांगितलं. तो बिचारा बसलाही, पुढचा गतिरोधक येईपर्यंत.

साक्रीच्या कॉलेजच्या मैदानात मॅट अंथरलेली होती आणि एकाच मांडवात आमचं टेबल आणि पोरांचं टेबल शेजारी शेजारी मांडलेलं होतं. माझ्याकडं दोन कॅमेरे, चित्र बदलायचं मशीन, रिप्लेची सोय, स्वतःचा जनरेटर. त्यांच्याकडं तिपाईवर लावलेला एक मोबाइल, एक लॅपटॉप, आणि ग्रंथालयाच्या खिडकीतून ओढलेली वायर. तीन जणांचा संघ. त्यांची म्होरकी तेजल नावाची मुलगी, माइक तिच्याच हातात.

"काका, तुमचं मशीन केवढ्याचं आहे हो?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"तुझ्या लग्नाच्या हॉलएवढ्याचं," मी म्हटलं.

ती हसली. "मग मी लग्न कोर्टातच करते."

मुलगी चुणचुणीत होती. पण खेळ सुरू झाला आणि माझ्या कानाला त्रास सुरू झाला. मी माझ्या हेडफोनच्या माइकमध्ये शिस्तीत बोलत होतो: खेळाडू क्रमांक सात चढाईवर, बोनसचा प्रयत्न, दोन गुण. आणि शेजारी ही बाई मराठी, अहिराणी, जे तोंडात येईल त्यात आरडाओरड करत होती. धुळ्याचा संघ म्हणजे तिच्याच कॉलेजचा. सात नंबरची कविता तिची होस्टेलमधली खोलीसोबती. त्यामुळं "कविता आज नाश्ता न करता उतरलीय मंडळी, तरी बघा कशी पळते!" हे असलं समालोचन. पंचांनी दिलेला गुण पटला नाही की तेजल माइकवर पंचांशीच भांडायची. एकदा पंचांनी खेळ थांबवून बोट दाखवलं, तेव्हा तिनं माइक खाली ठेवला, पुढच्या चढाईपर्यंत.

मध्यांतराला मी तिला म्हटलं, "अगं, बघणाऱ्याला निष्पक्ष वाटायला हवं."

"काका, बघणारे सगळे आपलेच तर आहेत. कविताची माय आणि बाप बघताहेत, वर डोंगरात. त्यांच्या गावात रेंज फक्त शाळेच्या मागच्या टेकाडावर येते. सगळे तिथं जाऊन बसलेत."

"आणि दुसऱ्या संघाचे आईबाप?"

"ते तुमचं बघत असतील," ती म्हणाली.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा धुळ्याचा संघ एका गुणानं मागं होता. कविता चढाईला गेली. तिघींना स्पर्श करून वळली, तेवढ्यात दोघींनी तिचा घोटा धरला. ती पडता पडता लांब झाली, हात पुढं टाकला आणि बोटं मध्यरेषेच्या पलीकडं गेली. गुण मिळाले. पण धरलेला पाय तसाच राहिला आणि अंग फिरलं. तिची किंकाळी माझ्या हेडफोनमधूनही ऐकू आली.

अशा वेळी हात आपोआप चालतात. रफिकनं चेहरा पकडला, मी तो प्रक्षेपणात घेतला, मग रिप्ले लावला. एकदा वाइड, म्हणजे लांबून सगळं मैदान, एकदा गुडघा जवळून, एकदा अगदी सावकाश. हे मी वीस वर्षांत शिकलेलं आहे: काहीही होवो, कॅमेरा सोडायचा नाही.

शेजारच्या टेबलावर कोणीच नव्हतं. तिघंही मैदानात पळाली होती. पळताना तिपाईला धक्का लागला असावा, कारण त्यांच्या लॅपटॉपवर मांडवाचं निळं कापड दिसत होतं, फक्त कापड, आणि लांबून लोकांचा आवाज.

मग तेजल धापा टाकत परत आली. मोबाइल सरळ करायचंही तिला सुचलं नाही. तिनं माइक उचलला आणि सरळ कविताच्या आईशीच बोलायला लागली.

"मावशी, मी तेजल बोली ऱ्हायनी. कविताना पाय मुरगळना शे. ती शुद्धीवर शे, पानी पिनी, मनासंगे बोलनी. घाबरू नका. कॅमेरा पडेल शे म्हनीसन काही दिखत नई. मी आते फोन करस."

तिनं हे दोनदा सांगितलं आणि माइक टेबलावर ठेवून पुन्हा पळाली. माझ्या पडद्यावर तेव्हा गुडघा तिसऱ्यांदा वळत होता.

धुळ्याचा संघ त्या चढाईच्या गुणांवर जिंकला. संघानं करंडक घेतला तेव्हा कविता दवाखान्यात होती. सामान आवरताना सर आले, खुशीत होते. "वा, तुमचं काम म्हणजे काम! तो रिप्ले लोक एकमेकांना पाठवताहेत. पोरांनी तर मांडवाचं कापड दाखवलं हो! पुढच्या वर्षीचं तुम्ही धरूनच चाला."

मला आनंद झाला. लपवत नाही, चांगलाच झाला. धुळ्याला परतताना मी रफिकला बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी सरळ घरी यायचं, तर रफिकला सोनगीरला जायचं होतं. त्याच्या घरून तांब्याच्या हंड्याची मागणी होती. धुळ्याहून आग्रा रोडनं अर्ध्या तासाचं अंतर. तिकडं गेलात तर भांडी बघाच, पण घाई करू नका, दुकानदाराला गप्पांची आवड आहे. रफिक घासाघीस करत बसला आणि मी किल्ल्यावर चढलो. चढण फार नाही, पण माझे गुडघे आता प्रत्येक पायरीची नोंद घेतात. वर वारा होता, खाली महामार्गावरून ट्रक जात होते. बसलो, तेवढ्यात फोन वाजला.

"जळगावना व्हिडिओवाला भाऊ ना? मी कविताना बाप बोली ऱ्हायनू." तेजलनं नंबर दिला होता म्हणे.

"बोला आबा. कशी आहे ती?"

"प्लास्टरमा पाय शे. बरी शे. भाऊ, तिना खेळना व्हिडिओ धाडा. तिले पॉइंट भेटना, ते दखाडा. पन पडनी ते नको. तिनी माय घडीघडी तेच देखस आनि रडस."

मी पाठवतो म्हटलं. ते "बरं भाऊ" म्हणाले, तरी फोन ठेवेनात. मग म्हणाले, "पोरेसना व्हिडिओमा ते काहीच नई. निळं कापड शे." हे ते तक्रारीनं म्हणत नव्हते.

दुपारी घरी पोहोचलो. सुनंदानं, माझ्या बायकोनं, जेवायला वाढलं. तिनं सामना दोन्हीकडं पाहिला होता, थोडा माझा, थोडा पोरांचा.

"तुमचं स्वच्छ दिसतं," ती म्हणाली. "पण ती पोरगी पडली ना, तेव्हा मी पोरांचं लावलं. तुमच्याकडं तिचा गुडघाच दिसत होता. ती कशी आहे ते कोणी सांगे ना."

मला राग आला. मी म्हटलं, तिकडं तर काहीच दिसत नव्हतं. ती म्हणाली, "हो, पण कळत होतं." मग तिनं आणखी भाकरी हवी का विचारलं.

जेवणानंतर कॉम्प्युटरवर बसलो. वाटलं होतं झटपट होईल. पण गुण मिळणं आणि पडणं एकाच क्षणात होतं. आधी कापलं तर बोटं रेषेपर्यंत पोहोचत नाहीत, नंतर कापलं तर गुडघा येतो. पुढंमागं करत राहिलो. शेवटी एक जागा सापडली. बोटं रेषेपलीकडं गेली आहेत, तिला ते कळलंय, चेहऱ्यावर नुसता आनंद आहे, आणि पायाचं अजून तिला काही माहीत नाही. तिथं चित्र थांबवलं आणि लोकांचा जल्लोष थोडा पुढं चालू ठेवला. एवढं साफ चित्र पोरांच्या मोबाइलला कधीच मिळालं नसतं, हेही मला स्वतःला सांगावंसं वाटलं. आबांना ते पाठवलं. मग आमच्या चॅनलवरच्या रेकॉर्डिंगमधूनही ते पडणं आणि तिन्ही रिप्ले काढून टाकले.

संध्याकाळी सरांचा फोन. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी त्यांना छोटी फिल्म हवी होती. "सुरुवातच त्या पडण्यानं करा. समिती तीच बघून तुमच्या कामाला मंजुरी देईल."

"सर, तो शॉट मी काढलाय. तिच्या घरच्यांना नको आहे."

"अहो, त्यावरच तर तुम्हाला काम मिळतंय!"

"हो सर. तरी नाही देत."

सर म्हणाले, "बघू मग." काम गेलं हे मला कळलं. मोठेपणा म्हणून केलं असं समजू नका. दमलो होतो आणि तो गुडघा मला पुन्हा बघायचा नव्हता, एवढंच. या प्रवासातून काय उरलं म्हणाल तर पोटात शेवभाजीची थोडी आग, फोनमधला सोनगीरचा एक बरा फोटो, आणि पुढच्या वर्षाची काळजी.

काम आता तेजलकडंच जाणार होतं, म्हणून तिला फोन लावला. म्हटलं, जाता जाता एक तरी उपयोगाची गोष्ट सांगावी. "पुढच्या वेळी कॅमेरा सोडून पळायचंच असेल ना, तर आधी तो वाइडवर लाव, तिपाई घट्ट कर आणि मग पळ."

ती म्हणाली, "काका, एवढं सगळं सुचलं असतं तर मी पळालेच नसते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.