घराणं सापडत नाही!

ये गं, अशी जवळ सरक. कागदावरच सरकायचंय, तेवढं तरी कर! प्रत्यक्ष यायला तुला वेळ नसतो, फोन केला की "मावशी, मीटिंगमध्ये आहे." आणि मागून कुकरची शिट्टी ऐकू येते! असो. आमच्या केतकीनं तुला माझा पराक्रम अर्धवट सांगून हसवलंय असं कळलं. हसायचंच असेल तर पूर्ण ऐकून हस.

मी कोलशेतच्या एका हॉलमध्ये बसून डोंबिवलीतलं आमचं अख्खं घराणं बंद केलं.

झालं असं, की ह्यांच्या घराण्याचं कुलसंमेलन होतं. दर वेळी अण्णाभाऊजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, कुळवृत्तांताचं जाडजूड पुस्तक काढतात. कोण कुणाचा मुलगा, कुणाला कुठे दिली, सगळं त्यात. ते छापून येईपर्यंत दोन लग्नं आणि चार बारशी होऊन गेलेली असतात! मी म्हटलं, आपण वेबसाईट करू. भाऊजी म्हणाले, "वहिनी, घराणं असं हवेत ठेवतात का? संमेलनात दाखवा, जमलं तर ठीक. नाही तर माझं पुस्तक आहेच."

झालं! मला चढलं स्फुरण. अख्खा पावसाळा मी व्हिडिओ बघून शिकले. जावयांनी टाकायला काढलेला जुन्या कॉम्प्युटरचा एक काळा डबा आणला आणि आमच्या शोकेसमध्ये ठेवून त्याचा केला सर्व्हर. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपीच समज. कुणीही, कुठूनही मागितलं की पान वाढायचं आणि चोवीस तास कंबर कसून उभं राहायचं. मौज म्हणजे त्याला हात लावायला घरी असावंच लागत नाही. कुठेही ब्राउझर उघडायचा, पासवर्ड घालायचा, की डोंबिवलीतला डबा आपल्या मुठीत!

संमेलनाच्या दिवशी मुठीतच होता. मोठ्या पडद्यावर वंशवृक्ष झळकत होता, माझ्या पदराला माईक लावलेला, आणि पहिल्या रांगेत भाऊजी हाताची घडी घालून. तेवढ्यात मोठ्या जाऊबाई धापा टाकत आल्या.

"अगं, माझी नात कुठाय ह्यात?"

"बारसं परवा झालं ना वहिनी! थांबा, आत्ता घालते."

लॅपटॉपवर सर्व्हरचं पान उघडलं, बाळाचं नाव घातलं. काम झालं. आता बाहेर पडायचं. तिथे दोन बटणं. एक लॉगआउट, दुसरं शटडाउन. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. लॉगआउट म्हणजे दिवा-पंखा चालू ठेवून घराबाहेर पडणं! माझ्या हातून ते होईल? मी शटडाउन दाबलं. त्यानं विचारलं, नक्की? (आपल्याकडे दुसऱ्यांदा आग्रह केला की पानावर बसलेल्यानं नाही म्हणू नये.) मी म्हटलं, नक्की!

पडदा पांढरा झाला. त्यावर बारीक अक्षरात आलं, ही साईट सापडत नाही.

भाऊजींनी मोठ्यांदा वाचून दाखवलं, "वहिनी, घराणं सापडत नाही म्हणतंय!"

केतकी धावत आली. "आई! तू तो बंद केलास?"

"मग चालू करते की इथूनच."

"अगं, इथून काही सांगायला आधी तो चालू हवा ना!"

किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं होतं मी! नशीब, गुडघ्याचं निमित्त सांगून हे, म्हणजे भाऊजींचे मनूदादा, घरीच राहिले होते. फोन लावला. हॉलमध्ये गलका, म्हणून स्पीकरवर टाकला.

"अहो, शोकेसमधला डबा चालू करा."

"कुठला? मी चष्मा ठेवतो तो?"

"तोच. त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल काढा. पुढे गोल बटण आहे बघा."

"बटण नाही. हळदकुंकू आहे."

अगं बाई! दसऱ्याला मीच पूजा केली होती. कपाळासारखी गोल जागा तेवढी एकच दिसली, तिथे गंध, हळदकुंकू आणि वर अक्षता. सगळं वाळून घट्ट बसलेलं!

"पिनेनं खरवडा."

"कुंकू खरवडू? तुझंच आहे हो ते!"

"नमस्कार करा आणि खरवडा! इथे माझी अब्रू जातेय. नाही जमलं तर पुन्हा भाऊजींचं पुस्तक येईल."

"नको गं! गेल्या खेपेला त्यानं मला माझ्याच काकांचा मुलगा केलाय."

"हळू बोला! न खपलेले गठ्ठे अजून त्यांच्या दिवाणात आहेत म्हणे."

हॉल असा काही फुटला, की मला वाटलं स्टेज पडलं. लोक एकमेकांच्या अंगावर कोसळून हसत होते. केतकी माझ्या पदराकडे बोट दाखवत होती. माईक! आमचा सगळा संसार लाऊडस्पीकरवर चालला होता!

भाऊजी उठून उभे राहिले.

"दिवाणात नाहीत वहिनी," ते म्हणाले, "माळ्यावर आहेत. दिवाण भरला."

तेवढ्यात फोनवर ह्यांचा आवाज, "निघालं गं कुंकू! दाबलं! दिवा लागला!" थोड्या वेळानं पडद्यावर वंशवृक्ष आला, जाऊबाईंच्या नातीसकट. टाळ्यांचा कडकडाट! भाऊजींनी स्वतः जाहीर केलं, यापुढे पुस्तक बंद, वेबसाईटच ठेवायची. जिंकले गं मी! डोळे भरून आले. मग त्यांनी नवी समिती वाचून दाखवली. 'तांत्रिक प्रमुख' म्हटल्यावर मी पदर सावरून, हात जोडून उठलेसुद्धा.

"तांत्रिक प्रमुख, आपले मनूदादा! घरबसल्या घराणं चालू केल्याबद्दल."

उठलेच होते, म्हणून टाळ्या वाजवल्या.

तर बाई, आता सबबी पुरे. या रविवारी डोंबिवलीला ये. तांत्रिक प्रमुख कायम घरीच असतात, आणि आल्यागेल्याला बटण कसं दाबलं ते पहिल्यापासून सांगतात. चहा टाकायला, अर्थात, मी आहेच.