बिनरंगी मीडिया

दवनीवाड्याच्या मनिराम पटल्यांची दामिनी गोंदियातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवते. गावात कुणी विचारलं की तिची आई देवकाबाई सांगते, "शिशीत जीव पोसते." त्या पेशींत चमकणारं प्रथिन आहे, निळ्या उजेडात त्या हिरव्या दिसतात. त्यांच्या अन्नपाण्याला मीडिया म्हणतात.

रोजचा मीडिया लालसर असतो. जंतू शिरले की तो बहुधा पिवळा पडतो, लांबूनच कळतं. पण तो लाल रंग स्वतःही थोडा चमकतो आणि फोटो बिघडवतो. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख रीता मॅडमनी फोटोआधी बिनरंगी मीडिया घालायला सांगितला. शनिवारी घालताना पिपेटचं टोक दामिनीच्या बाहीला घासलं. पिपेट बदलायला हवी होती. घाईत तिने तीच पुन्हा बाटलीत बुडवली. पेशींचे चार फ्लास्क भरले, पाचव्याला मीडिया पुरला नाही. तो लालमध्येच राहिला.

रविवारभर तिला ती बाहीच आठवत राहिली.

सोमवारी पेशी उबेत ठेवायचा इनक्युबेटर उघडला तर चारही फ्लास्क जवळजवळ स्वच्छ. पिवळं पडायला रंगच नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशींच्या मधल्या जागेत जंतूंचे बारीक कण वळवळत होते. राखीव म्हणून गोठवून ठेवलेल्या दोन शिश्यांतल्या पेशी आधीच मेल्या होत्या. मॅडमच्या दोन वर्षांच्या कामाचं जे काही उरलं होतं, ते या पाच फ्लास्कांत.

मीडियाच खराब आला म्हणता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. तेच वाक्य मनात घोळवत तिने आईला फोन लावला.

"काऊन वं, आवाज असा काऊन येऊन राहिला?"

"माझ्या हातून खराब झालं, माय. नोकरी जाईल."

"मंग सांगून टाक ना. लपवून रोज भेत राहशील काय?"

मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "कब से पता है?"

"शनिवारपासून," दामिनी म्हणाली, आणि बाहीचंही सांगितलं.

मॅडमनी पाचवा फ्लास्क उचलून उजेडात धरला. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी बोलली असतीस तर मीडिया तेव्हाच बदलला असता. ये चारों में ब्लीच डालो. पाचवा वेगळा ठेव."

जंतूंबरोबर पेशीही मारणारं ते ब्लीच ओतताना दामिनीला रडू आलं. पुढचे तीन दिवस ती पाचव्या फ्लास्कचा रंग बघत राहिली. ट्यूबलाइटच्या उजेडानेही तो तिला पिवळट वाटे. चौथ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा लावला. पेशी हिरव्या होत्या, कण एकही नव्हता. मॅडमनी नुसती मान हलवली आणि त्यातल्या काही पेशी गोठवायला सांगितल्या.

नोकरी राहिली. आता दामिनी प्रत्येक फ्लास्कसाठी मीडिया वेगळ्या नळीत काढते, पिपेट कशाला लागल्यासारखी वाटली तरी फेकते. आणि बिनरंगी मीडियाचा फ्लास्क हातात घेतला की आधी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते.