हाफटाइमला बाजू बदलायची

रेल्वेच्या मैदानावर हाफटाइमची शिट्टी झाली की आम्ही उठायचो आणि मैदान ओलांडून पलीकडच्या गोलमागे जाऊन उभे राहायचो. कारण साधं होतं. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, म्हणजे समोरच्यांचा गोलकीपरही पलीकडे जातो, आणि आम्हाला मॅचपेक्षा तो गोलकीपर हवा असायचा. चहावालाही आमच्यामागोमाग गाडी ढकलत यायचा. कुणी अडवायचं नाही. पंच स्वतः मध्ये उभे राहून चहा प्यायचे.

आम्ही नऊजण होतो. सगळ्यांचे बाप रेल्वेत, सगळे क्वार्टर्समध्ये वाढलेले. गोलच्या जाळीत आणि आमच्यात दोन हातांचं अंतर. गोलकीपरला आमचा श्वास ऐकू जात असेल. शिव्या द्यायच्या नाहीत असा आमचाच नियम होता. शिव्या कुणीही देतो. आम्ही माहिती काढायचो.

एका कारखान्याच्या टीमचा एक गोलकीपर होता, गुजराती, पण मराठी आमच्यासारखंच बोलायचा. त्याचं पाणीगेट भागातल्या एका मुलीशी लग्नाचं चाललंय, हे आमच्यातल्या एकाने काढून आणलं. मग काय.

"पाणीगेटहून निरोप आला का रे?"

"नकार आलाय. हात बघ कसे थरथरतायत."

तो मान न वळवता म्हणायचा, "हो म्हणालीय. तू वरातीत डबा वाजवायला ये. तेवढंच येतं तुला."

आणि आम्ही हसत असतानाच चेंडू त्याच्या पायांमधून आत जायचा.

मॅच संपली की ज्याच्या बोलण्यामुळे गोल झाला त्याने गोलकीपरला सेव-उसळ खायला घालायची, ही पद्धत होती. बहुतेक वेळा तो मीच असायचो. हा पठ्ठ्या दोन-दोन प्लेट ओढायचा, वर झणझणीत तरी मागून घ्यायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. आमचं जमलंय असं मी धरून चाललो होतो.

पुढे मैदानाला कुंपण पडलं, अर्ध्या भागात रेल्वेचं सामान येऊन पडलं आणि स्पर्धा बंद झाल्या. मी शहराच्या कडेला छाणीत एक पत्र्याची शेड घेतली. बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी लेथ मशिनं उचलायची, दुरुस्त करायची, विकायची. हे काम मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी उभं करूनही दिलं नाही. मशीन विकणारा आणि मशीन घेणारा, दोघंही मला फसवायलाच आलेत असं समजून मी बसतो. त्यावर घर झालं, दोन्ही मुलींची शिक्षणं झाली.

नऊचे सात झाले. गेल्या काही वर्षांत आम्ही सगळे एकत्र भेटलो ते दोनदाच, दोन्ही वेळा स्मशानात. आमच्यातला एक शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. दुसऱ्या वेळी परतायला गाडीत बसताना तो म्हणाला, "आता पुढचा कोण, एवढंच बघायला भेटायचं." ते मला लागलं. भेटायला काहीतरी जागा पाहिजे, तारीख पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलं.

शहराबाहेर नवं स्टेडियम झालं होतं आणि शहराच्या नावाची एक टीम तिथे लीगच्या मॅच खेळायला लागली होती. दर दुसऱ्या रविवारी, दुपारी चारला. मी सगळ्यांना फोन केले. करजण गावी आमच्यातल्या एकाचं रंगाचं दुकान आहे, तो म्हणाला, रविवारी दुकान बंद करायला बायको देत नाही. तिच्याशी मीच बोललो. मास्तर म्हणाला, "एकदा येतो. मजा नाही आली तर परत फोन करू नकोस. खरंच सांगतोय."

मी सात नाही, चौदा तिकिटं घेतली. सात या गोलमागची, सात त्या गोलमागची. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "अंकल, सेम मॅच है." मी म्हटलं, माहीत आहे, एकदम चौदा घेतोय तर काय कमी करतेस ते सांग. तिने काही कमी केलं नाही. मॅनेजरला बोलाव म्हटलं, तर मॅनेजरनेही केलं नाही, पण सात पाण्याच्या बाटल्या फुकट दिल्या. त्या गेटवर काढून घेतल्या. आत पाणी न्यायचं नसतं. चिल्लर काढून घेतली, मास्तरची छत्री काढून घेतली, करजणवाल्याने आणलेला चण्याफुटाण्यांचा पुडाही घेतला. तो म्हणाला, "चणे कुणाला मारणार होतो मी?" गार्डने हात जोडून त्याला पुढे जायला सांगितलं. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

आत सगळं चकचकीत होतं. प्रत्येक खुर्चीवर नंबर, आणि प्रत्येक खुर्चीवर हवा भरायच्या दोन प्लास्टिकच्या नळ्या, एकमेकींवर आपटून आवाज करायच्या, वर कुठल्यातरी बँकेची जाहिरात. माइकवर एक माणूस होता. तो सांगेल तेव्हा लोक आवाज करत होते. मोठ्या पडद्यावर टाळ्यांचं चित्र यायचं, मग टाळ्या. चित्र गेलं की लोक परत फोनमध्ये. आमच्या पुढे एक कुटुंब मैदानाकडे पाठ करून फोटो काढत होतं, त्याच वेळी कॉर्नर होता.

गोल आमच्यापासून किती लांब? आधी काचेचा कठडा, मग मोकळी जागा, मग जाहिरातींचे दिव्यांचे फलक, मग फोटोवाले, मग गोल. माझ्या शेडीतून हायवे जेवढा लांब दिसतो तेवढा लांब. तरी मी उभा राहिलो आणि ओरडलो, "अरे ए, ग्लोव्हज मोठ्या भावाचे घालून आलायस काय?"

आमचे सहाजण हसले. तेवढंच. समोरच्या बाई वळून शांतपणे म्हणाल्या, "अंकल, बच्चे हैं साथ में."

मास्तर म्हणाला, "बस खाली. त्याला ऐकूच नाही गेलं, आणि यांना गेलं."

हाफटाइम झाला. मी खिशातून दुसरी सात तिकिटं काढली तेव्हा त्या सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. "साल्या," करजणवाला म्हणाला, "तू सुधारणार नाहीस." आम्ही जिन्याने खाली उतरलो, पॅसेजमधून पलीकडे निघालो. मध्ये लोखंडी गेट. गार्ड म्हणाला, एका स्टँडमधून दुसऱ्यात जाता येत नाही. मी आमची नावं छापलेली तिकिटं दाखवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "इस नाम से आप अंदर आ चुके हो. एक आदमी दो जगह कैसे बैठेगा?" मी म्हटलं, एका वेळी नाही, आधी इथे आणि मग तिथे. माझा आवाज चढला. त्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं.

निळा कोट घातलेला एक माणूस आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण चालताना हात अंगापासून जरा लांब धरायचा, तसेच धरलेले. आमचा पाणीगेटवाला गोलकीपर.

"अल्या, तू!" तो म्हणाला. "आवाजावरून वाटलंच मला."

तो स्टेडियमचा सगळा कारभार बघतो असं कळलं. मला वाटलं, झालं काम. मी त्याला तिकिटं दाखवली. तो हसला. "दोन्हीकडची घेतलीस? तूच घेणार."

"उघड मग."

"नाही होणार, बॉस. नियम छे."

"सात म्हातारे आहोत आम्ही."

"सात सोडले की सत्तर मागे येतात."

"येऊ देत की. सत्तर आले तर तुझ्या स्टेडियममध्ये माणसं आहेत असं तरी वाटेल."

तो हसायचा थांबला. मला जरा बाजूला घेतलं. म्हणाला, "एक सांगू? तेव्हा मॅचच्या आदल्या दिवसापासून मला जेवण जायचं नाही. तुम्ही नऊजण मागे उभे असणार, एवढंच डोक्यात."

"आमच्याबरोबर दोन-दोन प्लेट तर खायचास."

"दोन दिवसांचा उपाशी असायचो." तो हे चिडून नाही म्हणाला. कुणाला रस्ता सांगावा तसं म्हणाला. "ते पाणीगेटचं लग्न मोडलं होतं, तुम्ही बोलायला लागण्याच्या आधीच. इथे पहिली मीटिंग झाली ना, तेव्हाच मी सांगितलं, गोलच्या मागे पब्लिक जवळ नको. फलक लावा, फोटोवाले बसवा, काही करा. ती जागा माझ्यामुळे मोकळी आहे."

यावर मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत नाही. वाटलं काहीच नाही. शेडीत एखाद्या मशिनचं गिअर काढल्यावर आत दात झिजलेले दिसतात, तेव्हा मी काही वाटून घेत नाही, भाव पाडतो. तसाच मी बोलायला लागलो.

"बरं, सात नको. चार सोड."

"नाही."

"दोन."

"तू ऐकत नाहीस का?"

"मग एक. एकाने काय होतं तुझं?"

त्याने घड्याळ बघितलं. दुसरा हाफ सुरू व्हायचा होता. गार्डकडून एक हिरवी कागदी पट्टी घेऊन त्याने माझ्या मनगटावर चिकटवली. "एक. पण मॅच संपेपर्यंत परत इकडे यायचं नाही."

"झालं," मी म्हटलं आणि गेटमधून पलीकडे गेलो. समोरचा एवढंसं जरी सरकला तरी सौदा लगेच बंद करायचा, नाहीतर तो विचार बदलतो. ही माझी इतक्या वर्षांची सवय आहे. दहा-बारा पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी त्या सहाजणांना विचारलंच नव्हतं. वळून बघितलं. ते गजांच्या मागे उभे होते. मास्तरने हात हलवला. "जा, जा. तुझं झालं ना काम."

पलीकडच्या स्टँडमध्ये आमच्या सातही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मधल्या खुर्चीपाशी उभा राहिलो. गोलकीपर तोच, उंच, बावीस-तेवीसचा. त्याचं गाव कुठलं, घरी कोण आहे, लग्न ठरलंय की मोडलंय, मला काहीच माहीत नव्हतं. तो एका हंगामासाठी इथे आलेला, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार. मी ओरडलो, "ए, कुठला रे तू?" त्याच वेळी स्पीकरवर गाणं लागलं. मी परत ओरडलो. मग माझ्या लक्षात आलं की यापुढे म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

थोड्या वेळाने आपल्या टीमने गोल केला, माझ्यासमोरच. चेंडू जाळीत गेला न गेला तोच धूर सुटला, गाणं लागलं, माइकवरचा माणूस किंचाळला. नळ्या वाजल्या. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. एक माणूस येऊन म्हणाला, खाली बसा. मी बसलो.

समोरच्या स्टँडमध्ये आमची रांग शोधली. करजणवाल्याची पांढरी टोपी उठलेली दिसली, मग बाकीचे. मी मास्तरला फोन लावला.

"निघतोय आम्ही," तो म्हणाला. "याला करजणची बस पकडायचीय."

"थांबा, मी येतो तिकडे."

"कसा येणार? तूच ठरवून गेलास ना?"

"पुढच्या मॅचला आपण असं करू..."

"अरे बघ तू मॅच. छान आहे मॅच." त्याने फोन ठेवला. रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो रागावला नव्हता.

मॅच आपण जिंकली. बाहेर पडायच्या गेटवर पाणीगेटवाला निळ्या कोटात उभा राहून लोकांना दोन रांगांत काढत होता. तोपर्यंत बसल्या बसल्या त्याला सुनवायची वाक्यं मी तयार करून ठेवली होती. आम्ही तुला मित्र समजायचो, इथपासून सुरुवात होती. माझी पाळी आली तेव्हा त्यानेच विचारलं, "मग? बोललास त्याच्याशी?"

"ऐकू नाही गेलं."

"हं," तो म्हणाला आणि डावीकडे जायची खूण केली. मागे लोक होते. मी डावीकडे गेलो.

त्याला महिना झाला. त्यानंतरच्या दोन मॅचच्या रविवारी मी शेडीवरच होतो. मास्तरला फोन करायचा नाही असं ठरलेलं आहे, तेव्हा केलेला नाही. बाकीच्यांना करता आला असता, पण त्यांना सांगणार काय? त्यांच्यापैकीही कुणाचा आलेला नाही. हंगाम संपत आलाय.