गाडीचे पाटे आणि विहिणीची ज्वारी

१२ फेब्रुवारी १९६८. स्टेशन वॅगनचे मागचे पाटे बदलून घ्यायचे होते, म्हणून सकाळीच सुलतानपूरहून लोणारला मिस्त्रीकडे गेले. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. आमचे इतके बसले होते की उभी गाडीही मागून खाली टेकल्यासारखी दिसे. यजमानांनी ती जुनीच घेतली होती. ते गेल्यावर शेतीबरोबर तीही माझ्या गळ्यात आली.

घाई होती लेकीसाठी. तिला सातवा महिना सरत आला होता. आदल्या वर्षी दमणीतून माहेरी येताना बैल उधळले, धक्के बसले आणि पोर पोटातच गेलं. या खेपेला डोणगावहून विहीणबाईंनी निरोप धाडला होता : गाडी धड असेल तरच सून पाठवीन, नाहीतर बाळंतपण इथंच. पहिलं बाळंतपण सासरी झालं की लोक आईलाच नावं ठेवतात. ते मी सोसलं असतं. पण लेकीला यायचं होतं.

नवे पाटे अकोल्याहून मागवण्याइतकी सोय नव्हती. मिस्त्रीच्या आवारात मोडीत निघालेल्या ट्रकचे पाटे पडले होते.

"बाई, तुमचा एक तुटेल हाये, बाकीचे बसले," मिस्त्री म्हणाला. "ट्रकचे दोन-दोन वरून टाकून देतो."

"मजबूत होईन ना?"

"हत्ती बसवा."

"हत्ती नाही, लेक बसवायची हाये."

"मंग तं मजबूतच पाह्यजे."

धक्का झेलणारे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर तेल गळून निकामी झाले होते. ते तसेच राहू दिले. त्यांचं काम पाटेच करतील असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. आम्ही दोघंही बैलगाडीत वाढलेली माणसं. चांगली गाडी म्हणजे ओझ्याखाली न दबणारी गाडी, एवढंच आम्हाला ठाऊक.

गाडी पारखलीही तशीच. मागं सरकीची पोती टाकली, बाजार करून परतणारे पाच-सहा जण बसले आणि गाडी सुलतानपूरपर्यंत पाण्यावरून आल्यासारखी आली. रिकामी चालवून पाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे गाडी रिकामी जातच नसे. वाटेत कुणीतरी हात करतं, कुणाचं तरी पोतं असतं.

डोणगावला निघाले त्या दिवशी मात्र मी कुणालाच घेतलं नाही. लेकीला ऐसपैस येता यावं म्हणून मागची बाजू झाडून, वाकळ अंथरून मोकळी ठेवली होती. गाडी आमचा सालदार गडी चालवायचा. गावाबाहेर पहिला खड्डा आला तशी गाडी उडाली, आणि मग उडतच राहिली. खड्डा मागं पडला तरी तिची उडी थांबेना. मेहकर येईपर्यंत विहीणबाईंसाठी घेतलेलं दही माझ्या मांडीवर सांडलं होतं. परत फिरावं असं एकदा वाटलं. पण लेक गाठोडं बांधून बसली असणार.

बसलीच होती. दारात विहीणबाई उभ्या होत्या. आजूबाजूच्या बायाही जमल्या होत्या, कारण गाडी वेशीपासून कशी आली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. विहीणबाईंनी माझ्या लुगड्यावरचं दही पाहिलं.

"विहीणबाई, गाडीत बसून आल्या का उखळात?"

बाया हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

मग त्यांनी पाण्याचा पितळी गुंड काठोकाठ भरून आणवला, मागच्या सीटवर ठेवला आणि सालदाराला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायला सांगितलं. गाडी परत आली तेव्हा गुंडात अर्धंही पाणी नव्हतं. वाकळ चिंब झाली होती. त्यांनी गुंड माझ्यासमोर धरला.

"हे पाहा. यात पोरगी बसवू?"

लेक म्हणाली, "हळू चालवली तं जमते ना. मले जाऊ द्या."

"तू गप बस. एक गेलं ना मांगच्या वर्षी."

त्यांचं बरोबर होतं. मी खाली पाहिलं. एवढ्या बायांत मान खाली घालायची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

सालदार पुटपुटला, "लोणारहून आलो तवा नव्हती उडत. पोते होते तवा."

"मंग टाक पोते," विहीणबाई म्हणाल्या. "घरात जवारी हाये."

मी एकदम नको म्हटलं. पहिलं नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं आम्ही पाणीही पीत नाही. तिथं तिच्या सासरची ज्वारी पोत्यांनी घरी न्यायची? मी म्हटलं, दगड भरू.

"दगड? माही दोन जिवांची सून दगडासंगं धाडू? काऊन, काही कमी हाये का माह्या घरी?"

पोती चढली. गुंड पुन्हा भरून फिरवला. पाणी हिंदकळलं, पण सांडलं नाही. विहीणबाईंनी सुनेची ओटी भरली आणि मला म्हणाल्या, "वापस नका धाडू. वापस आली तं समजीन, माहा दाणा तुमच्या घरी चालत नाही." तोंडावर हसू होतं. त्याच हसऱ्या तोंडासमोर माझ्या लेकीला जन्म काढायचा होता. मी हो म्हटलं.

गाडी सावकाश, गुमान चालली. लेक पोत्याला टेकून झोपली. मी रस्ताभर एकच हिशेब करत होते : पोती उतरवताना पारावर कोण कोण असेल. सगळेच होते. शेजारणीनं विचारलं, "जावयानं देली का जवारी?" मी म्हटलं, "गाडीले भार म्हणून टाकली." तिनं बरं म्हटलं. ते कुणालाही खरं वाटलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटलं नसतं. रात्री पोती आतल्या खोलीत ओढून वर घोंगडी टाकली आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

सकाळी उठून मी घोंगडी काढली. एक पोतं अंगणात आणवलं, शिवण उसवली आणि रस्त्याकडे तोंड करून पाखडायला बसले. जाता-येता बाया थांबल्या. "लेकीच्या घरची का?" मी हो म्हणत गेले. पाखडून झाल्यावर ज्वारी दळून आणली, भाकरी थापल्या. पहिली लेकीला दिली. दुसरी मी खाल्ली.