बर्फातली घेवड्याची पानं

मी मुखेडहून लातूरच्या क्लासला परत निघाले होते. अहमदपूरच्या अलीकडे एसटी बंद पडली. शेजारच्या बाई मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन बसल्या होत्या आणि सारख्या झाकणावर तळवा ठेवून बघत होत्या.

"ताई, आत काय हाय?"

"घेवड्याची पानं. पंधरा दिवस पाणी तोडलेल्या झाडांची. लातूरला तपासायला चाललेय."

"मग वाळली असतील की!"

"वरून दिसतात तशी. पण पाणी तुटलं की झाड जीव धरायला आत वेगळी प्रथिनं बनवतं. तीच बघायचीत. बर्फ वितळला तर ती मोडतील, अन् वर्षाची मेहनत जाईल."

मला प्रथिनं म्हणजे पेपरातल्या चार पर्यायांपैकी एक, एवढंच ठाऊक. मी उतरून रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर पळत गेले.

"पानांना बर्फ?" रसवाले चाचा हसले. पण लादी फोडून पिशवीभर बर्फ दिला.

तासाभरानं दुसरी गाडी मिळाली. लातूरच्या स्टँडवर बाईंनी झाकण उघडून आत हात घातला. बराच बर्फ शिल्लक होता. तोच गार हात माझ्या गालाला लावून त्या म्हणाल्या, "वाचली गं पानं!"

त्यांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.