पिंजऱ्याची आतली कड

यशोदा मेस्त्री उंदीर वाढवते असं सांगितलं की माणसं आधी हसतात. मालवण तालुक्यात एका टेकाडावर फार्मसी कॉलेज आहे. तिथे औषधांच्या प्रयोगांसाठी पांढरे उंदीर लागतात. त्यांची पैदास, खाणंपिणं, सफाई, सगळं गेली नऊ वर्षं तिच्याकडे. नोकरी लागली तेव्हा ती उंदराला घाबरायची. आता मादी हातात घेतली की पोटाला बोटं लावून ती कधी विणार ते सांगते.

गेल्या वर्षी जुने जाड पिंजरे मोडीत गेले आणि बेचाळीस नवे आले. दुधी प्लास्टिकचे डबे, वर लोखंडी जाळीचं झाकण. हातात घेतल्यावरच तिला ते पातळ वाटले होते, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. पंधरा दिवसांत कुरतडणं सुरू झालं. आधी कोपऱ्यात प्लास्टिकचा भुगा दिसायचा, मग सुई जाईल एवढं भोक, मग बोट जाईल एवढं.

तिने भोकांवर चिकटपट्टी लावली, ती त्यांनी खाल्ली. कडुनिंबाचं तेल चोळलं, तर दोन दिवस थांबले आणि परत लागले. कुरतडायला फणसाच्या लाकडाचे तुकडे टाकले. त्यांचा फडशा पाडून पुन्हा प्लास्टिक. सुट्टीच्या दिवशीही ती टेकाड चढून यायची, सगळे पिंजरे वरखाली करून बघायची आणि उतरताना अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. घरी जेवताना तिचा घास हातात राहायचा.

"काय झाला गो?" नवरा धोंडू विचारायचा.

"करकर ऐकू येता."

"पंखो वाजता तो. जेव."

मग एका बुधवारी सकाळी सात नंबरच्या पिंजऱ्याला लिंबाएवढं भोक पडलेलं दिसलं. आत भाताच्या तुसावर पाच दिवसांची अकरा पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली, गार पडत चाललेली. आई गायब.

यशोदाने आधी पिल्लं ओंजळीत घेतली. बारा नंबरची मादी दोन दिवसांपूर्वीच व्याली होती. तिच्या पिंजऱ्यातलं मळकं तूस काढून तिने ही पिल्लं त्यात हलक्या हाताने घोळवली, म्हणजे त्यांना त्या मादीचा वास लागेल, आणि एकेक करून तिच्या पिल्लांत सोडली. संशोधन करणारी संचिता शेजारी येऊन उभी राहिली. सात नंबरची पिल्लं पुढे तिच्याच प्रयोगासाठी जायची होती.

"काकी, घेईल ना ती?"

"बोलू नको. बघूया."

मादीने पिल्लं हुंगली. बराच वेळ नुसती हुंगली. मग एकाला तोंडात धरून घरट्यात नेलं. अकरातली चार पुढच्या दोन दिवसांत गेली, सात राहिली.

आईचा शोध चालू होता. प्राण्यांचा विभाग बघणाऱ्या कौस्तुभ सरांनी खाद्याच्या कोठाराचं दार लावून ठेवायला सांगितलं, सापळे लावले. यशोदाला एका जागी बसवेना. कपाटामागे बघ, गटाराच्या जाळीपाशी वाक, परत कपाटामागे.

शुक्रवारी दुपारी तिनेच मादी शोधली. कोठारात पोत्यांच्या मागे कागदाचे बारीक तुकडे करून तिने घरटं केलं होतं. शेपटीवर सात नंबरची शाईची खूण होती. यशोदाने हात पुढे केला तशी ती स्वतःहून हातावर आली. आचळं दुधाने तटतटली होती.

कोठारात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. पिल्लांची खोली दहा पावलांवर. नेऊन सोडली असती तर कोणाला कळलंही नसतं. यशोदा तिला धरून तशीच उभी राहिली. मग तिची नजर पोत्याच्या बुडाशी गेली. तिथे लेंड्या होत्या, मोठ्या, काळपट. बाहेरच्या घुशींच्या. दरवर्षी भातलावणीत गावात लेप्टोचा ताप येतो, घुशी-उंदरांच्या मुतातून पसरणारा. तिचा चुलत दीर त्यातच गेला होता. ही मादी दोन दिवस त्याच जागेत फिरली होती.

ती तिला घेऊन सरांच्या खोलीत गेली. "सर, सापडली. कोठारात घुशी येतात. लेंड्या आहेत."

कौस्तुभ सरांनी शेपटीवरची खूण बघितली. "परत ठेवता येणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच इकडे आणली."

"तुम्ही बाहेर थांबा. मी करतो."

"नको. माझ्या हातात शांत आहे ती."

आजारी उंदरांना शांतपणे मारायच्या गॅसच्या पेटीत तिने स्वतः मादीला ठेवलं आणि ती निपचित होईपर्यंत काचेवरून हात काढला नाही. मग हात धुतले, मोरीपाशीच बसून राहिली. संचिता चहा घेऊन आली, तो तिने घेतला नाही.

त्या संध्याकाळी ती रिकामा सात नंबर घरी घेऊन आली आणि धोंडूपुढे ठेवला. धोंडूने होड्या बांधण्यात आयुष्य काढलेलं. खांदा निखळल्यापासून तो घरीच होता. त्याने पिंजरा उलटासुलटा केला, आतून अंगठा फिरवला.

"सपाट जाग्यार एक तरी दात लागलोसा?"

यशोदाने वाकून बघितलं. भिंतीवर ओरखडाही नव्हता. तळाच्या चारी बाजूंनी साच्याची एक बारीक कड वर उठलेली होती, आणि खाणं तिथूनच सुरू झालं होतं.

"तेंका दात टेकूक कड मिळता," धोंडू म्हणाला. "सपाटार घसारतत. कड झाकलंस तर काय करतले?"

दुसऱ्या दिवशी एका पिंजऱ्यात उंदीर सोडून ती स्टुलावर बसून राहिली. तासाभरात उंदराने भिंत हुंगली, दात घसरले, तो खाली सरकला आणि नेमकी कड धरली. धोंडूचं म्हणणं खरं होतं.

धोंडूने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, काटकोनात वाकवून दिल्या. एक हात नीट चालत नव्हता, तर पट्टी त्याने पायाने दाबून धरली. यशोदाने त्या आतल्या कडांवर रिबिटांनी बसवल्या, रिबिटांची डोकी बाहेर ठेवून, म्हणजे आत पुन्हा दाताला काही सापडायला नको. बेचाळीस पिंजऱ्यांना अकरा दिवस लागले. एका उंदराने पाण्याची बाटली अडकवायच्या भोकाला दात लावले, तिथेही पट्टी आली. कोठाराची दाराखालची फट सरांनी सिमेंटने बुजवून घेतली.

पुढच्या महिन्यात आणखी पिंजरे मागवायचं ठरलं. यशोदा चपला बाहेर काढून प्राचार्यांच्या खोलीत गेली. कौस्तुभ सर तिथेच बसले होते.

"आधी एकच मागवा, सर. मी त्यात पंधरा दिवस उंदीर ठेवून बघते. मी हो म्हटलं की मग बाकीचे."

प्राचार्यांनी कौस्तुभ सरांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

एक पिंजरा आला. आत कड होतीच. तो परत गेला. दुसरा आला तेव्हा यशोदाने टेबलापाशी उभ्याउभ्याच त्याच्या आतून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा, सावकाश, चारी कोपऱ्यांतून.